पहिलं मिनिट कोणी पाहिलं?

अमरावतीत ‘डफरीनला नेलं’ एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. अकोल्यात तेच काम ‘लेडी हार्डिंग’ करतं. सरकारी कागदांवर दोन्ही ठिकाणचं नाव जिल्हा स्त्री रुग्णालय असं आहे, पण ऑटोवाल्याला ते नाव सांगणारा माणूस बाहेरगावचा समजावा. इंग्रज जाऊन पाऊणशे वर्षं उलटली, तरी दोन व्हाइसरॉयांच्या बायका वऱ्हाडातल्या बाळंतिणींच्या बोलण्यातून काही गेल्या नाहीत.

या नावांमागे एक पडदा आहे. लेडी डफरीन यांनी १८८५ मध्ये जो निधी उभा केला, तो हिंदुस्थानातल्या बायकांना बाईच्याच हातून उपचार मिळावेत म्हणून. पुरुष डॉक्टरच्या नजरेला पडण्यापेक्षा घरीच काय व्हायचं ते होऊ दे, असं तेव्हा घरच्यांना वाटे आणि पुष्कळदा त्या बाईलाही वाटे. लेडी हार्डिंग यांच्या नावाचं दिल्लीतलं महाविद्यालय १९१६ मध्ये सुरू झालं, तेही मुलींना डॉक्टर करण्यासाठी. बाईला कोणी पाहावं आणि कोणी पाहू नये, या प्रश्नातून ही रुग्णालयं आणि ही नावं जन्माला आली. आज त्याच नावांच्या दवाखान्यांत, लेबर रूमच्या आत, बाळंतपणाचं चित्रीकरण करावं का, असा प्रश्न विचारला तर तो जुन्याच प्रश्नाचा पुढचा भाग ठरतो.

वऱ्हाडातल्या कुठल्याही ओट्यावर हा विषय काढून पाहा. पहिलं उत्तर ‘काहून बाप्पा?’ हेच येणार. आणि ते रास्तही आहे. कशासाठी, हे आधी सांगा.

कशासाठी, ते सांगतो.

महाराष्ट्रात आता जवळपास सगळी बाळंतपणं दवाखान्यात होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाहणीत राज्यातलं हे प्रमाण ९४.७ टक्के आलं. लाखभर जिवंत जन्मांमागे किती आया दगावतात, ते मोजणारा आकडा २०१८-२० या काळात देशात ९७ होता, महाराष्ट्रात ३३. सुईण आणि घरातली अंधारी खोली मागे पडली. जननी सुरक्षा योजना आली, १०२ आणि १०८च्या गाड्या आल्या, आशाताई दारात आल्या. बाईला दवाखान्याच्या दारापर्यंत आणण्याचं काम या राज्यानं बऱ्यापैकी केलं. दाराच्या आत काय होतं, ते मात्र केसपेपर सांगेल तेवढंच आपल्याला कळतं.

आणि केसपेपर फार कमी सांगतो. प्रसूती कशी पुढे सरकते आहे, ते वेळेच्या रेघांवर टिपण्यासाठी पार्टोग्राफ नावाचा तक्ता असतो. दर अर्ध्या तासानं बाळाचे ठोके, दर काही तासांनी पिशवीचं तोंड किती उघडलं, असं सगळं त्यात त्या-त्या वेळी भरायचं असतं. तो पुष्कळ ठिकाणी बाळ झाल्यावर, सावकाश, एका बैठकीत भरला जातो. रेघ सरळ येते आणि तपासणीला आलेला अधिकारी खूश होतो. बाळाच्या पहिल्या मिनिटाचंही तसंच. ‘जन्मतः रडलं’ किंवा ‘उशिरा रडलं’ एवढंच लिहिलेलं असतं. उशिरा म्हणजे किती? तीस सेकंद की तीन मिनिटं? त्या वेळात कोणाचे हात काय करत होते? कागद गप्प असतो. पोटावर दोन्ही हातांनी दिलेला दाब, मांडीवर मारलेली चापट, ‘तेव्हा नाही ओरडलीस, आता कशाला ओरडतेस’ ही मराठी लेबर रूममधली कुप्रसिद्ध उक्ती, यांतलं काहीच कागदावर येत नाही.

हा आपल्याकडचाच दोष आहे असं नाही. घाना, गिनी, नायजेरिया आणि म्यानमार या चार देशांत संशोधकांनी बाळंतपणांच्या वेळी प्रत्यक्ष खोलीत बसून नोंदी केल्या. ‘लॅन्सेट’मध्ये २०१९ला आलेल्या त्या अभ्यासात पाहणीखालच्या चाळीस टक्क्यांहून जास्त बायकांना शारीरिक किंवा तोंडी त्रास, अथवा भेदभाव सोसावा लागल्याचं दिसलं. त्रासाचा कडेलोट नेमका कधी होतो, तेही त्यांनी मांडलं : बाळ बाहेर येण्याआधीचा अर्धा तास आणि नंतरची पंधरा मिनिटं. म्हणजे सगळ्यांचे हात गुंतलेले असतात आणि लिहायला कोणी मोकळं नसतं, तोच हा पाऊण तास. मुंबईतल्या दोन रुग्णालयांच्या अभ्यासातही (२०१८) हा उर्मटपणा एखाद्या वाईट स्वभावाच्या सिस्टरपुरता नसून रुग्णालयाच्या चालीरीतीतच मुरलेला असल्याचं संशोधकांनी नोंदवलं आहे.

कॅमेऱ्याची कल्पना या रिकाम्या पाऊण तासासाठी आहे. तिची सुरुवात बाईपासून झाली नाही, ती बाळापासून झाली, आणि हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. अमेरिकेत सॅन डिएगोच्या डॉक्टरांनी जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळांवरच्या उपचारांचं चित्रीकरण करून ते नंतर एकत्र बसून पाहिलं. २०००मध्ये त्यांनी पहिल्या शंभर चित्रफितींचा हिशेब मांडला, तेव्हा निम्म्याहून जास्त, म्हणजे ५४ ठिकाणी ठरलेल्या पद्धतीपासून काही ना काही ढळलेलं सापडलं. ही सगळी शिकलेली, सरावलेली, साधनसंपन्न माणसं होती. आपण काय केलं, ते त्यांना स्वतःलाच आठवत नव्हतं. घाईत माणसाची आठवण तिला सोयीचं तेवढं ठेवते. हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठाच्या रुग्णालयात अशा चित्रफिती पाहणं हा आता नेहमीच्या कामाचा भाग आहे, आणि ज्या आईबापांना पाहायचं असेल त्यांनाही त्या दाखवतात.

आपल्या घराजवळचं उदाहरण काठमांडूचं. तिथल्या परोपकार प्रसूती रुग्णालयात बाळाला ठेवतात त्या टेबलावर कॅमेरे बसवले. हालचाल झाली की ते आपोआप सुरू होत. आई चौकटीत नव्हतीच. २०१४मध्ये त्याचे निष्कर्ष आले. नळी घालून नाकातोंडातलं पाणी ओढण्याचा सपाटा चाललेला आणि ज्यानं खरोखर जीव वाचतो ती पिशवी आणि मुखवटा, आपल्याकडची ‘अँबू बॅग’, क्वचितच हातात घेतलेली. पुढे त्याच रुग्णालयात प्रशिक्षण, रोजचा सराव आणि चुकांची उजळणी असा कार्यक्रम राबवला गेला. पहिल्या मिनिटात पिशवीनं श्वास देण्याचं प्रमाण शून्यावरून ८४ टक्क्यांच्या जवळ गेलं. कळा सुरू असताना पोटात दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण हजारी ९ वरून ३.२ वर आणि पहिल्या दिवशीचे मृत्यू ५.२ वरून १.९ वर आले. ही आकडेवारी २०१६मध्ये प्रसिद्ध झाली. काठमांडूच्या सिस्टर आणि अकोल्याच्या सिस्टर यांच्यात हाताच्या कौशल्याचा काही फरक असेल असं मला वाटत नाही.

विदर्भ या गोष्टीत अगदीच नवखा नाही. ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हा बाहुलीवर शिकवायचा अभ्यासक्रम बेळगाव आणि नागपूर भागातल्या दवाखान्यांत राबवला गेला. त्यात पहिल्या साठ सेकंदांना ‘सोनेरी मिनिट’ म्हणतात. बेळगावात आधी चांगला गुण दिसला : मृत जन्मांचं प्रमाण ३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं. मग बेळगाव, नागपूर आणि केनियातलं एल्डोरेट अशा तिन्ही ठिकाणच्या ७१ दवाखान्यांत मोठा प्रयोग झाला. तो २०१६ला प्रसिद्ध झाला, आणि त्यात संपूर्ण लोकसंख्येच्या पातळीवर मृत्यूंत तसा फरक पडलेला आढळला नाही. मला या दुसऱ्या निकालाची किंमत पहिल्याहून जास्त वाटते. बाहुलीवर शिकलेला हात सहा महिन्यांनी रात्री अडीच वाजता काय करतो, हे पाहायला कोणी नसेल, तर शिकवणं हवेत विरतं. उत्तर प्रदेशातल्या १२० आरोग्य केंद्रांवर ‘बेटरबर्थ’ नावाचा, बाळंतपणात करायच्या कामांची यादी पाळण्याचा प्रयोग झाला, त्याचाही असाच अनुभव आहे. मार्गदर्शक शेजारी उभे असेपर्यंत सिस्टर यादीप्रमाणे वागल्या. ते कमी येऊ लागले तशी यादीही मागे पडली, आणि मृत्यू तेवढेच राहिले.

डोळा किती फसवतो, याचं सगळ्यात सुरेख प्रमाण बेळगावनंच दिलेलं आहे. बाळंतपणानंतर बाईचं किती रक्त गेलं, ते आपल्याकडे नजरेनं ठरवतात : चादर किती भिजली, बादलीत किती साचलं. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर एक साधी प्लास्टिकची पिशवी तयार केली. बाईच्या खाली ती पसरायची, रक्त तिच्या टोकाशी गोळा होतं आणि तिथल्या खुणांवर मोजता येतं. २००६च्या त्यांच्या अभ्यासात नजरेचा अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा एक तृतीयांशानं कमी भरला. अशाच मोजपिशवीच्या आधारे आफ्रिकेतल्या चार देशांत २०२३ मध्ये झालेल्या मोठ्या चाचणीत गंभीर रक्तस्रावाचे प्रसंग साठ टक्क्यांनी कमी झाले. कॅमेरा हे त्याच जातीचं मोजमापाचं साधन आहे, असं त्याचे पुरस्कर्ते म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. रक्ताच्या पिशवीला चेहरा नसतो.

आता वऱ्हाडातल्या कॅमेऱ्यांकडे येऊ. ते आलेच आहेत, कोणी परवानगी मागितली नाही एवढंच. दवाखान्याच्या व्हरांड्यात सीसीटीव्ही आहे. मूल चोरीला जाऊ नये, मारामारी होऊ नये, सिस्टर खुर्चीत झोपू नये, असे त्याचे नाना उपयोग सांगतात. ऑगस्ट २०२४मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका महिला डॉक्टरवर बलात्कार आणि तिचा खून झाल्यानंतर सगळ्या देशातल्या निवासी डॉक्टरांनीच आणखी कॅमेरे मागितले. दुसरा कॅमेरा नातेवाइकांच्या खिशात. बाळ झाल्यावर दहा मिनिटांत ते मामाच्या स्टेटसवर असतं, आई अजून टाक्यांच्या टेबलावर असते. पूर्वी सव्वा महिना बाळ कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून काजळाची तीट लावणाऱ्या आज्याच आता व्हिडिओ कॉलवर ‘इकडं पाय रे माझ्या राज्या’ म्हणतात. हाच खिशातला कॅमेरा काही बिघडलं की दुसऱ्या कामाला लागतो. डॉक्टरांच्या तोंडासमोर धरून ‘बोला आता, बोला’ म्हणायचं आणि थेट प्रक्षेपण सुरू करायचं. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी ‘मोबाईल वापरू नये’ची पाटी दिसते. तिसरा कॅमेरा जाहिरातीचा : खाजगी दवाखान्याचं रील, फुगे, केक, गुलाबी पडदा, आणि हसणारी, काल रात्रीच सिझर झालेली आई.

या तिन्हींत शिकण्यासाठी असलेला एकही नाही. एक पहारेकरी, एक हत्यार, एक दुकानाची पाटी.

आणि पहारेकरी कसा फितूर होतो, ते फेब्रुवारी २०२५मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहानं दाखवलं. स्त्रियांच्या तपासणीच्या खोलीत बसवलेल्या सीसीटीव्हीतलं चित्रण चोरून यूट्यूब आणि टेलिग्रामवर पैसे घेऊन विकलं जात होतं. यंत्राबरोबर आलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता, असं पुढे बातम्यांत आलं. पकडल्या गेलेल्यांत लातूर आणि सांगलीकडचे तरुणही होते. म्हणजे चोर काही सातासमुद्रापार नव्हता. ही बातमी वाचल्यानंतर लेबर रूमच्या आत कॅमेरा लावू द्या, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? तपासणीच्या खोलीत कॅमेरा का होता, याचं समाधानकारक उत्तर त्या प्रकरणात कुठंही नाही. सुरक्षेसाठी म्हणे. कोणाच्या?

महाराष्ट्रानं गर्भारपणाच्या खोलीत यंत्राचा डोळा बसवण्याचा प्रयोग यापूर्वी एकदा केला आहे. २००१च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८३९च मुली भरल्या. तिथले नंतरचे एक जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख (हेच पुढे बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले) यांनी सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचं उपकरण जोडायला लावलं. प्रत्येक तपासणीचं चित्र त्यात साठत जाई, म्हणजे गर्भलिंग पाहिलं का, ते नंतर तपासता येईल. रेडिओलॉजिस्टांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली. रुग्णाच्या खाजगीपणाचा भंग होतो, हा त्यांचा एक मुख्य मुद्दा होता. ऑगस्ट २०११मध्ये न्यायालयानं तो फेटाळला आणि प्रशासनाचा आदेश कायम ठेवला. मुलींच्या जगण्याचा हक्क पारड्यात मोठा ठरला.

त्या निकालाबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याचा दाखला देऊन कोणी बाळंतपणाच्या चित्रीकरणाचं समर्थन करू लागला तर त्याला दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ला नि:संदिग्धपणे सांगितलं, म्हणजे कोल्हापूरच्या निकालानंतर सहा वर्षांनी. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हा संशयाचा कॅमेरा होता. डॉक्टर गुन्हा करेल, या गृहीतकावर तो उभा होता, आणि त्या संदर्भात ते गृहीतक खोटंही नव्हतं. संशयाच्या कॅमेऱ्यापुढे माणूस शिकत नाही, तो पाठ फिरवून काम करायला शिकतो.

डॉक्टरांची आणि सिस्टरांची भीती म्हणूनच खरी आहे. मार्च २०२२मध्ये राजस्थानात दौसा जिल्ह्यातल्या लालसोटला एक बाई बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावानं गेली. जमावाच्या दबावाखाली पोलिसांनी तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंवर चक्क खुनाचा गुन्हा नोंदवला, आणि त्या डॉक्टरांनी आत्महत्या केली. कितीही कौशल्य असलं तरी काही वेळा थांबत नाही, असा हा रक्तस्राव असतो. त्या खोलीतली चित्रफीत असती तर ती डॉक्टरांच्या बाजूची साक्ष ठरली असती, असं कोणी म्हणेल. ठरली असतीही. पण वकिलाच्या हाती लागलेल्या वीस मिनिटांच्या चित्रफितीत प्रत्येक थबकलेला हात निष्काळजीपणा दिसतो. स्वयंपाकघरात कोणी वीस मिनिटं चित्रीकरण केलं तर सुगरणीचेही दहा दोष निघतील.

यावर भारतातच एक तोड निघालेली आहे. केरळात २००४पासून स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना आणि सरकार मिळून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय छाननी करतात. बाईचं, डॉक्टरचं, दवाखान्याचं नाव काढून टाकतात. कोण चुकलं, हा प्रश्नच विचारत नाहीत. काय चुकलं आणि पुढच्या वेळी काय करायचं, एवढंच पाहतात. नावं काढून टाकली की माणसं खरं बोलतात. चित्रीकरण असंच, शिक्षा आणि बढती यांपासून पूर्ण तोडलेलं, कायद्यानं न्यायालयापासूनही दूर ठेवलेलं असेल, तरच एखादी सिस्टर स्वतःची चूक मोठ्या पडद्यावर पाहायला बसेल. आज असा कायदा आपल्याकडे नाही. तो नसताना कॅमेरे बसवले तर ते आठवड्याच्या आत माहितीच्या अधिकारात मागितले जातील, आणि मागणाऱ्याचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही.

बायकांचं काय? त्या ‘नाही’च म्हणतील, असं पुष्कळ शहाणी माणसं धरून चालतात. मला तेवढी खात्री नाही, आणि त्याला कारण गडचिरोली आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी जानेवारी १९८९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक अभ्यास छापला. दोन खेड्यांतल्या ६५० बायकांची स्त्रीरोगांसाठी तपासणी केली होती. ९२ टक्के बायकांना काही ना काही आजार निघाला. त्याआधी आयुष्यात एकदा तरी अशी तपासणी झालेल्या बायका अवघ्या ८ टक्के होत्या. आजाराचा आकडा जगभर गाजला, आणि ते योग्यच झालं. मला मात्र त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मोठी वाटते : विदर्भातल्या खेड्यातल्या, कधी अंतर्गत तपासणीला न गेलेल्या एवढ्या बायका तपासायला आल्या. आधी गावाशी बोलणं झालं, काय करणार ते सांगितलं, तपासणारी बाई होती, आणि गुपित राहील याचा भरवसा होता. वऱ्हाडातल्या बाईची लाज हा अडथळा नाही. तिला कोणी नीट विचारत नाही, हा आहे.

विचारायचं कधी, हा खरा पेच. कळा देणाऱ्या बाईपुढे कागद धरून अंगठा घेणं याला संमती म्हणत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं २००८मध्ये समीरा कोहली यांच्या प्रकरणात संमतीचं मोजमाप घालून दिलं : एका गोष्टीसाठी दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला चालत नाही, आणि रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत असेल तर घरच्यांची सही तिच्या जागी चालत नाही. आपल्या दवाखान्यात आजही सहीसाठी आधी नवरा शोधला जातो, तो सापडला नाही तर सासरा. ‘कोण आहे हिच्यासंगं?’ ही हाक ऐकली नाही अशी लेबर रूम मी पाहिली नाही. चित्रीकरणाची परवानगी सातव्या-आठव्या महिन्यात, तपासणीच्या दिवशी, तिच्या एकटीजवळ मागावी. बाळंतपणानंतर, डिस्चार्जच्या आधी, पुन्हा विचारावं, आणि ती नाही म्हणाली तर तिच्यासमोर पुसून टाकावं. सासूबाई तेव्हा चहाला गेलेल्या असल्या तर फार बरं.

मेळघाटात हे आणखी अवघड आणि आणखी शक्य, दोन्ही आहे. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू बायांशी मराठीत बोलून घेतलेली संमती म्हणजे निम्मी संमती. कोरकू ही मराठीची बोली नव्हे, वेगळ्याच भाषाकुळातली भाषा आहे. पण आदिवासी भागांतल्या आरोग्य केंद्रांत सरकारनं ‘माहेरघर’ ही सोय केली आहे, दिवस भरत आले की बाईनं तिथं येऊन राहायचं. तिथं वेळ असतो, आणि कोरकू बोलणारी आशाताई जवळ असते. कुपोषणाच्या बातम्यांसाठी पंचवीस-तीस वर्षं कॅमेरे मेळघाटात येतच आहेत. आयांचे, सुकलेल्या बाळांचे चेहरे झाकायचीसुद्धा तसदी कोणी घेतली नाही. त्या वेळी संमती हा शब्द आपल्याला आठवला नव्हता. त्या आयांनी आता लेबर रूममधल्या कॅमेऱ्याकडे संशयानं पाहिलं तर ते कोणाच्या करणीचं फळ आहे?

माझं मत विचाराल तर सुरुवात काठमांडूसारखी करावी. कॅमेरा बाईवर नको, बाळाच्या वॉर्मरवर हवा. तो खाली वळलेला असावा आणि चौकटीत फक्त बाळ आणि हात दिसावेत. इंटरनेटला जोडलेला नसावाच. चित्रण त्याच खोलीतल्या कुलूपबंद पेटीत राहावं, पंधरवड्याच्या बैठकीत तिथल्याच माणसांनी पाहावं, आणि पाहून झालं की पुसावं. बाळ दगावलं असेल आणि आईला ते पाहायचं असेल तर तिला डॉक्टरांनी शेजारी बसून दाखवावं. २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं मुलाच्या माहितीवर पालकांच्या संमतीची अट घातलेली आहेच, ती इथं अक्षरशः पाळावी. बाईच्या बाजूच्या वागणुकीसाठी, चापटी आणि शिव्यांसाठी, मला कॅमेऱ्यापेक्षा तिची आई किंवा बहीण आत उभी असणं जास्त भरवशाचं वाटतं. केंद्राच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमानं डिसेंबर २०१७पासून बाळंतपणाला सोबतीण आणि दोन टेबलांमध्ये पडदा या गोष्टी मानकांत घातल्या आहेत. एक पडदा आणि एक खुर्ची. ज्या लेबर रूममध्ये ती खुर्ची अजून आलेली नाही, तिथं कॅमेऱ्याची निविदा काढू नये.

आणि समजा, हे सगळं जमलं. समजा, वऱ्हाडातल्या कुठल्याशा ग्रामीण रुग्णालयात एका रात्रीची अशी चित्रफीत बैठकीत लागली. बाळ वॉर्मरवर येतं, निळसर, ढिलं. दोन हात येतात, पुसतात, पाठ चोळतात आणि अचानक चौकटीतून निघून जातात. वीस सेकंद, तीस सेकंद टेबलावर फक्त बाळ. मग तेच हात परत येतात, हातमोजे बदललेले, आणि पिशवी शोधू लागतात. बैठकीतल्या तज्ज्ञाला यात पद्धतीपासून ढळणं दिसेल. सिस्टरला विचारलं तर ती सांगेल की पलीकडच्या टेबलावर दुसरी बाई होत होती आणि रात्रपाळीला ती एकटीच होती. त्या रिकाम्या तीस सेकंदांची नोंद प्रशिक्षणाच्या रकान्यात करायची की रिक्त पदांच्या, हे ठरवणारे लोक त्या बैठकीला बसलेले नसतात. ते मंत्रालयात असतात, आणि असं चित्रण पाहायला त्यांना बोलवावं, असं अजून कुठल्याच परिपत्रकात आलेलं माझ्या वाचनात नाही.